जुना कॉम्प्युटर घेताना पाण्यातल्या म्हशीचा सौदा नको



मागच्या वेळी आम्ही शेंगा चटणीच्या पाकिटांवरच्या लेबलांबद्दल बोललो. शेवटी जाता जाता सांगितलं, की ही लेबलं आता आम्ही गटाच्या लॅपटॉपवर स्वतःच बनवतो. कार्यक्रम संपला आणि फोन सुरू झाले. लेबलाबद्दल विचारणारे दोनच. बाकी सगळे लॅपटॉपबद्दल. केवढ्याला पडला? नवा की जुना? कर्ज काढलं का? एका ताईंनी तर थेट विचारलं, "तुम्हाला फसवलं नाही ना कुणी?"

फसवलं होतं, ताई. म्हणूनच आजचा सगळा वेळ या एकाच गोष्टीला देतोय.

आमचा गट सोलापूर जिल्ह्यातला, तेरा जणींचा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी हा आमचा धंदा. आधी बाजारच्या दिवशी विकायचो, मग सोलापुरातली दोन-तीन दुकानं मिळाली. दुकानदार बिल मागायला लागले, छापलेलं लेबल मागायला लागले. प्रत्येक वेळी तालुक्याला जायचं, टायपिंगवाल्याकडे दोन तास बसायचं, एका पानाचे पैसे द्यायचे, वर चुका दुरुस्त करायचे वेगळे. 'कडक'चं 'कडाक' झालेली दोनशे लेबलं अजून आमच्याकडे आहेत, कुणाला हवी असतील तर सांगा. तेव्हा गटाचा कॉम्प्युटर असावा, असं सगळ्यांनाच वाटायला लागलं. नव्या लॅपटॉपचा भाव विचारला तर बेचाळीस हजार. तेरा जणींच्या बचतीतून एवढे पैसे एका वस्तूत घालायचे, तर मग आषाढात कुणाच्या घरी आजारपण निघालं तर अंतर्गत कर्ज द्यायचं कशातून?

गटातली सगळ्यांत लहान, तिला आम्ही धाकटीच म्हणतो, एमएससीआयटी झालेली. ती म्हणाली, जुना घेऊ. तिच्या बोलण्यावर ठराव झाला आणि जुलै २०२५ मध्ये आम्ही एका दुकानातून साडेनऊ हजाराला जुना लॅपटॉप आणला. दुकानाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण आमच्याकडे त्याचं बिलच नाही. "बिल पाहिजे तर हजार रुपये जास्त," असं तो म्हणाला आणि आम्ही हजार वाचवले. हे हजार रुपये पुढे किती महाग पडले ते बघा.

घरी आणून धाकटीनं उघडला तर त्यात आधीच्या माणसाचे फोटो. लग्नाचे, बारशाचे. एका कप्प्यात तर आधार कार्डं, पॅन कार्डं, बँकेच्या पासबुकांची पहिली पानं, अशी वीस-पंचवीस माणसांची कागदपत्रं. कुठल्या तरी फॉर्म भरून देणाऱ्याकडचा कॉम्प्युटर असावा. त्या माणसांना पत्ताही नसेल, की आपली कागदपत्रं आता चटणीवाल्या बायकांच्या घरात आहेत. आम्ही ती पुसून टाकली. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली, तिच्याकडे शेवटी येते.

लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. चालू करायचा, तोवर भाकऱ्या उलटून यायच्या, असं आम्ही हसायचो. वायर काढली की पंधरा मिनिटांत बंद. तरी धाकटीनं तीन महिने त्यावर हिशोब लिहिला, साठ-पासष्ट गिऱ्हाइकांचे पत्ते आणि नंबर भरले. आणि ऐन दिवाळीच्या आठवड्यात, ऑर्डरी सगळ्यांत जास्त असताना, आतून टकटक आवाज आला आणि स्क्रीन काळी झाली ती झालीच. हार्ड डिस्क गेली. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "माझ्याकडून घेतला कशावरून?"

पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण त्याहून वाईट वेगळंच झालं. पुढच्या बैठकीत धाकटी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "तुमच्यातल्याच कुणी रस्त्यात बोललं, की शिकलेल्या पोरीनं गट बुडवला." बोलणारी आमच्यातलीच होती, हे खोटं नाही. हिशोब मात्र वाचला, कारण अक्का पहिल्यापासून हटून बसल्या होत्या की वही बंद करायची नाही. लॅपटॉपवर लिहा नाहीतर आभाळात लिहा, माझी वही चालू राहणार. आम्ही त्यांना मागासलेल्या म्हणायचो. पत्ते मात्र वहीत नव्हते, ते गेलेच.

मग संक्रांतीला अक्का स्वतः वाण घेऊन धाकटीच्या दारात गेल्या. म्हणाल्या, "म्हैस घेताना मी दोन वेळची धार काढून बघते. या डबड्याची धार कशी काढतात ते शिकून घे, मी तुझ्याबरोबर येते." धाकटीनं पंधरा दिवस माहिती काढली. एका इंजिनिअरिंगच्या पोराला विचारलं, दुकानदारांना फोन केले, सगळं वहीत लिहून काढलं. अक्कांच्याच जातीच्या वहीत. आज आम्ही सांगतोय ते सगळं त्या वहीतलं आहे.

आधी एक फरक समजून घ्या. सेकंडहँड म्हणजे एकानं वापरलेला कॉम्प्युटर जसा आहे तसा दुसऱ्याला विकलेला. रिफर्बिश्ड म्हणजे वापरलेलाच, पण मधे कुणीतरी तो उघडून साफ केलेला, तपासलेला, आतली जुनी माहिती पूर्ण पुसलेला, खराब भाग बदललेला आणि काही महिन्यांच्या हमीवर विकलेला. आम्ही पहिला घेतला तो सेकंडहँड होता, दुकानदारानं नाव मात्र रिफर्बिश्ड सांगितलं होतं. नावाला जाऊ नका. काय काय बदललं, काय तपासलं आणि हमी किती, हे विचारा. हमी कागदावर देत नसेल तर तो सेकंडहँडच समजा.

हे एवढे चांगले लॅपटॉप स्वस्त येतात कुठून, अशी शंका अक्कांनाही होती. चोरीचे असतील, त्या म्हणाल्या. पुण्या-मुंबईतल्या, बंगळुरूतल्या मोठ्या कंपन्या, बँका आपल्या कामगारांना लॅपटॉप देतात, पुष्कळदा भाडेकरारावर. तीन-चार-पाच वर्षं झाली, करार संपला, की ते शेकड्यानं एकदम बाहेर काढतात. लॅपटॉप बिघडलेला असतो म्हणून नव्हे, तर कंपनीचा नियमच तसा असतो म्हणून. ते लॉटमध्ये विकत घेऊन दुरुस्त करणारे व्यापारी असतात, त्यांच्याकडून ते दुकानात येतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस हे त्याचे मोठे बाजार. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही आता अशी दुकानं निघाली आहेत.

यात एक गंमत आहे. कंपन्यांसाठी बनवलेले लॅपटॉप दणकट असतात. डेलचे लॅटिट्यूड, लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक आणि प्रोबुक ही ती नावं. यांची बिजागरी मजबूत, कीबोर्ड चांगला आणि भाग सहज मिळतात. म्हणून स्वस्तातल्या स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा असा जुना कधी कधी जास्त चांगलं काम देतो. सगळेच नाही. कधी कधी, असंच आम्ही म्हणू.

आता धार काढायची कशी.

पहिली गोष्ट, पिढी. लॅपटॉपवर इंटेलचा छोटा बिल्ला असतो, आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन. दुकानदार एवढंच सांगतो, "आय-फाइव्ह आहे ताई, आय-फाइव्ह!" पण दहा वर्षांपूर्वीचाही आय-फाइव्ह असतो आणि कालचाही. आय-फाइव्ह म्हणजे नुसतं आडनाव झालं. त्यापुढचा आकडा बघायचा. समजा आय-फाइव्ह आणि पुढे ८३५० लिहिलंय, तर पहिला आकडा आठ, म्हणजे आठवी पिढी. ६३०० असेल तर सहावी. आकडा एकानं सुरू होत असेल, जसा १०२१० किंवा ११३५, तर पहिले दोन आकडे घ्यायचे, म्हणजे दहावी आणि अकरावी. बिल्ल्यावर विश्वास ठेवायचा नाही, बिल्ले बाजारात सुटे मिळतात. लॅपटॉप चालू करून सेटिंगमध्ये, सिस्टीममध्ये, अबाउट नावाच्या पानावर हा आकडा दिसतो, तिथे बघायचा.

आठवीच का, तर कारण सरळ आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं इंटेलची साधारण आठवी पिढी आणि पुढे अशी अट घातली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, म्हणजे सुरक्षेची अपडेट येणं बंद. आमचा पहिला लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा होता, त्यावर विंडोज १० होतं. जुलैमध्ये घेतला आणि ऑक्टोबरमध्ये त्याची ही मुदतही संपली. या अटीमुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ढीगभर लॅपटॉप आता बाजारात उतरले आहेत, फार स्वस्त मिळतात. काही दुकानदार त्यावरही जबरदस्तीनं विंडोज ११ बसवून देतात. ते चालतं, पण पुढे अपडेट अडकेल का, याची हमी कोण देणार? म्हणून विंडोज हवं असेल तर आठवी किंवा पुढची पिढीच घ्या. विंडोज नको असेल तर तसं नाही, त्याचं पुढे सांगते.

दुसरी गोष्ट, हार्ड डिस्क की एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये आत तबकडी फिरत असते, गिरणीच्या जात्यासारखी. धक्का बसला, लाईट गेली, वय झालं, की ती बिघडते. एसएसडीत फिरणारं काही नसतं. आमचा पहिला लॅपटॉप पाच मिनिटं घ्यायचा आणि आताचा चूल पेटायच्या आत चालू होतो, त्यातला निम्म्याहून जास्त फरक या एका भागाचा आहे. २५६ जीबीची एसएसडी आपल्या कामाला भरपूर. तिची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, तो 'गुड' की 'कॉशन' ते दाखवतो आणि डिस्क किती तास चालली तेही. धाकटीनं तो पेनड्राईव्हमध्ये घालूनच नेला होता. दुकानदार जरा चमकला. चमकला तो बरा, ओरडला असता तर आम्ही उठणार होतो.

तिसरी रॅम. आठ जीबी असावी. चार असेल तर इंटरनेटची तीन पानं आणि एक हिशोबाचा तक्ता उघडला की धापा टाकायला लागतो. रॅम पुढे वाढवता येते का, खाचा रिकामा आहे का, हेही विचारून ठेवा.

चौथी बॅटरी, आणि इथे सगळ्यांत जास्त फसवणूक होते. "नवी बॅटरी टाकलीय" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दुकानात ऐकू येईल. ते तपासायची सोय विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी चौकट उघडायची, तिथे इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असं लिहायचं आणि एंटर दाबायचं. एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे असतात, एक बॅटरी नवी असतानाची ताकद, दुसरा आज पूर्ण भरल्यावरची. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर साठ टक्के जीव उरला. आम्ही बघितलेल्या पहिल्या लॅपटॉपचा बेचाळीस टक्के निघाला. दुकानदार म्हणाला होता, नवी आहे. अक्कांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. पुढचा अठ्ठ्याहत्तरचा निघाला, तो आम्ही घेतला. गावात लाईट दिवसातून दोनदा जाते, बॅटरी म्हणजे आपल्याला चैन नाही.

याच कारणानं डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप, हा प्रश्न आम्ही लवकर मिटवला. डेस्कटॉप त्याच ताकदीचा आणखी स्वस्त मिळतो, दुरुस्तीही सोपी. ग्रामसंघाचं ऑफिस असेल, इन्व्हर्टर असेल, वस्तू एकाच जागी राहणार असेल, तर डेस्कटॉप घ्या, आम्ही नाही म्हणत नाही. पण लाईट गेली की तो त्या क्षणी बंद पडतो आणि लिहिलेलं जातं. लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ६५ वॅट लिहिलेलं असतं, डेस्कटॉप आणि त्याची स्क्रीन मिळून शंभराच्या पुढे जाऊ शकतात. आणि आमची बैठक दर महिन्याला वेगळ्या घरी असते, डेस्कटॉप डोक्यावर घेऊन कोण फिरणार?

बाकीची तपासणी हातानं आणि डोळ्यांनी. पांढरं पान उघडून स्क्रीनवर डाग, रेघा बघायच्या. कोरं पान घेऊन कीबोर्डची एकूण एक कळ दाबायची. झाकण दहा वेळा उघडझाप करायचं, बिजागरीला करकर नको. पेनड्राईव्ह प्रत्येक खाचेत लावून बघायचा. आपल्या मोबाईलचं नेट जोडून वायफाय बघायचं. कॅमेरा, माईक, आवाज बघायचा, कारण आता ऑनलाईन बैठका होतात. मग वीस मिनिटं व्हिडिओ लावून ठेवायचा आणि चहा प्यायचा. पंखा गिरणीसारखा वाजला किंवा बूड तव्यासारखं तापलं, तर उठायचं. दुकानदार घाई करत असेल तर घाईचं कारण त्याच्याकडे असतं, आपल्याकडे नाही.

आता कुलपाची गोष्ट. ही आम्हाला कुणी सांगितली नसती तर कळलीच नसती. कंपन्यांच्या लॅपटॉपला आतून पासवर्ड घातलेला असू शकतो. चालू होताना डेलमध्ये एफ-२, एचपीमध्ये एफ-१०, थिंकपॅडमध्ये एफ-१ ही कळ दाबली की बायोस नावाचं आतलं पान उघडतं. तिथे पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो काढता आला नाही, तर तो लॅपटॉप घेऊ नका. विंडोज नव्यानं सुरू करताना एखाद्या कंपनीचं नाव दिसलं आणि त्या कंपनीचाच ईमेल मागितला, तर तो अजून त्या कंपनीच्या दाव्याला बांधलेला आहे असं समजा. कुणी किती फुकट दिला तरी नको.

चोरीच्या शंकेलाही उपाय आहे. प्रत्येक लॅपटॉपला आपला एक क्रमांक असतो, डेलवाले त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. तो बुडावरच्या चिकटपट्टीवर असतो आणि बायोसमध्येही दिसतो. दोन्ही जुळले पाहिजेत आणि तिसऱ्यांदा तोच क्रमांक बिलावर आला पाहिजे. डेल, लेनोव्हो यांच्या साईटवर हा क्रमांक टाकला की मॉडेल आणि मूळ हमीची माहिती दिसते. आमच्या अक्कांचं समाधान या तीन ठिकाणच्या एकाच आकड्यानं झालं. बैलाच्या पावतीवर शिंगाचं वर्णन असतं तसं हे, त्या म्हणाल्या.

आणि बिल. जीएसटी क्रमांक असलेलं, गटाच्या नावाचं, मॉडेल आणि क्रमांक लिहिलेलं, हमी किती महिन्यांची आणि कशाकशाची ते लिहिलेलं. बॅटरी हमीत आहे का, हे वेगळं विचारा, पुष्कळदा नसते. पैसे गटाच्या खात्यातून चेकनं किंवा ऑनलाईन द्या, म्हणजे पासबुकात नोंद राहते. बिल असेल तर पुढे तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येतं. आम्ही हजार रुपये वाचवून हा सगळा रस्ता स्वतःच बंद केला होता.

ए ग्रेड, बी ग्रेड असं काही तुम्हाला सांगतील. हा सरकारी शिक्का नव्हे, ज्याचा त्यानं ठरवलेला असतो. झाकणावर चार ओरखडे असलेला बी ग्रेड आतून चांगला असेल तर खुशाल घ्या, हजार-दोन हजार वाचतात. आपल्याला त्यावर लेबलं काढायची आहेत, लग्नात मिरवायचा नाही.

मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातींचं काय, असं एकीनं विचारलं होतं. नावाजलेल्या साईटवरून, परत करायची मुदत असेल तर घ्या, आणि खोकं उघडताना मोबाईलवर शूटिंग करा. पण "मी सैन्यात आहे, बदली झाली, सात हजारात देतो, आधी दोन हजार पाठवा," असा मेसेज आला तर तो लॅपटॉप जगात नाहीच, असं समजा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

आमचा हिशोब आता सगळा मांडते, लपवत नाही. पुण्याच्या एका दुकानातून आम्ही डेलचा लॅटिट्यूड घेतला, आय-फाइव्ह, आठवी पिढी, आठ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, सहा महिन्यांची हमी, १८,५०० रुपये. माऊस ३८०. अक्का आणि धाकटीचं एसटीनं जाणं-येणं आणि जेवण मिळून १,१५०, तेही २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून. एकूण २०,०३०. नव्याचे ४२,००० धरले तर जवळजवळ बावीस हजार वाचले, असं आम्ही सांगू शकतो. पण ते खरं नाही. पहिल्यात घातलेले ९,५०० मिळवायला पाहिजेत. म्हणजे झाले २९,५३०, आणि खरी बचत १२,४७०. शिवाय नव्याला वर्षभराची हमी असते, आमची सहा महिन्यांत संपते, आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा नवा विचार करावा लागेल. हे सगळं बैठकीत वाचून दाखवलं आणि इतिवृत्तात लिहिलं. रस्त्यात बोलणारी जी होती, तिनंच ठरावाला अनुमोदन दिलं.

विंडोजबद्दल एक सांगायचं राहिलं. लॅपटॉप घेताना सेटिंगमध्ये अॅक्टिव्हेशन बघा, ते 'अॅक्टिव्ह' पाहिजे. चोरून बसवलेलं विंडोज, चोरून बसवलेलं ऑफिस हे त्या स्वस्ताईतच येतं आणि व्हायरस घेऊन येतं. हिशोबाच्या तक्त्यांसाठी लिबरऑफिस मोफत आहे, आमचं सगळं त्यावर चालतं. आणि विंडोजच नको असेल तर लिनक्स मिंट, उबंटू ही मोफत मिळतात, त्यात मराठी टायपिंगही होतं. जुन्या पिढीच्या लॅपटॉपला ती झेपतात. हे आम्हाला कळलं ते त्या पहिल्या डबड्यामुळेच. इंजिनिअरिंगच्या पोरानं त्यातली मेलेली हार्ड डिस्क काढली, आम्ही १,७०० ची छोटी एसएसडी आणून दिली, आणि त्यानं त्यावर लिनक्स मिंट बसवलं. तो आता चालतो. बॅटरी नाहीच, वायर लावूनच चालवावा लागतो. संध्याकाळी गटातल्या पोरी त्यावर मराठी टायपिंग शिकतात. तेव्हा वरच्या हिशोबात हे १,७०० ही मिळवा: ३१,२३०. दोन कॉम्प्युटर झाले.

प्रिंटर मात्र जुना घेऊ नका, असं आमचं मत. शाई वाळलेली असते, आतले भाग झिजलेले असतात, आणि एक पान काढायला तीन पानं फुकट जातात.

आणि ती शेवटी ठेवलेली गोष्ट. आपण जुना घेतो तसा उद्या आपलाही कुणाला तरी देऊ. देण्याआधी आपली कागदपत्रं पूर्ण पुसून घ्या. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. विंडोजमध्ये 'रिसेट धिस पीसी' आहे, त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि डिस्क साफ करायचा पर्याय निवडायचा, त्याला काही तास लागतात, लागू द्यायचे. चालतच नसेल तर हार्ड डिस्क काढून घरात ठेवायची आणि बाकीचं द्यायचं. भंगारवाल्याला देऊ नका, तो तार काढायला जाळतो आणि तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम आहेत, त्यात कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्यांना आणि जुने दुरुस्त करून विकणाऱ्यांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मोठ्या गावात गेलात तर नोंदणी असलेलं केंद्र कुठे आहे ते विचारून या.

आमची ती मेलेली हार्ड डिस्क अक्कांनी मागून घेतली. त्यांच्या ट्रंकेत, दागिन्यांच्या डबीशेजारी आहे. आत त्या वीस-पंचवीस माणसांची आधार कार्डं कुठेतरी अजून असतील, म्हणून त्या ती कुणाला हात लावू देत नाहीत. आणि वही अजून चालू आहे. धाकटी महिन्याच्या शेवटी लॅपटॉपवरचा आकडा वाचते, अक्का वहीतला वाचतात. या महिन्यात चाळीस रुपयांचा फरक आला. चूक लॅपटॉपवर नव्हती, वहीत होती. अक्कांनी दोनदा बेरीज करून बघितली, मग म्हणाल्या, "असू दे, लिही."